ताऱ्यांचे तेज आणि अंतर

संपादक महोदय,

आकाशदर्शनाच्या लेखांत 'सर्वांत तेजस्वी तारा' हे शब्द सर्रास येतात. तो तारा मुळातच तेजस्वी आहे की जवळ असल्यामुळे तसा दिसतो, याचा खुलासा मात्र राहून जातो. खरी गंमत तर तिथेच आहे! व्याध रात्रीच्या आकाशात सर्वांत ठळक दिसतो, तो बऱ्याच अंशी अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर असल्यामुळे. जवळच मृगात दिसणारा निळसर राजन्य आहे सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर, म्हणजे शंभर पट लांब. अंतर दुप्पट झाले की दिसणारे तेज एक चतुर्थांश होते; शंभर पट अंतराला ते दहा हजार पटींनी घटते. एवढे असूनही राजन्य सर्वांत ठळक दहा ताऱ्यांत आहे. आपला सूर्य तेवढ्या अंतरावर नेला, तर नुसत्या डोळ्यांना सोडाच, साध्या द्विनेत्रीतूनही तो दिसायचा नाही.

मासिक आकाशनकाशात सगळे तारे एकाच कागदावर शेजारी शेजारी बसतात आणि ही खोली हरवते. निदान ठळक ताऱ्यांच्या नावापुढे प्रकाशवर्षांचा आकडा छापावा, ही कळकळीची विनंती. त्याला जागाही फारशी लागणार नाही.

– एक वाचक