वडगावच्या काकांना, एका काळ्या स्पंजासाठी

काका नमस्कार,

तुम्ही मोबाईलवर एवढं मोठं वाचत नाही ते मला ठाऊक आहे, सूनबाईंकडनं वाचून घ्या. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असूदे गं पोरी" म्हणून फोन ठेवता, म्हणून आज इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

गेल्या श्रावणात पोराच्या हट्टापायी दोन फुटी टाकी आणली आणि दहा गप्पी. आपल्याकडं गप्पी म्हटलं की डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडतात ते मासे एवढंच मला माहीत, शोभेचे एवढे रंगाचे असतात हे दुकानात पहिल्यांदा बघितलं. एक नर होता, शेपटी म्हणजे निळ्या रेशमाचा पदर पसरल्यासारखी, पोरगं शाळेतनं आलं की दप्तर पाठीवरच ठेवून आधी त्याला बघणार. दुकानदार म्हणाला रोज खायला घाला, बास. मी रोज दोन-तीनदा घालत होते. आठवड्यात पाणी गढूळ झालं तर मी काय केलं, सगळं पाणी ओतून टाकलं, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून पांढराशिप्पट धुतला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. चार दिवसात सहा मासे गेले. नर सगळे गेले, निळा पण. पोरगं जेवलं नाही त्या रात्री.

तेव्हा तुम्ही आठवला. आईबरोबर साडी बघायला तुमच्याकडं आले होते तेव्हा साड्या विणायच्या मागांच्या पलीकडं सिमेंटच्या टाकीत गप्पी बघितले होते, बास तेवढीच ओळख. रात्री नऊ वाजता फोन केला, बाहेर धो धो पाऊस, आणि तुम्ही अर्ध्या तासात स्कूटीवरनं दारात, रेनकोटच्या आत छातीशी धरलेली कॅरीबॅग आणि त्यात तुमच्या टाकीतलं पाणी आणि एक काळाकुट्ट बुळबुळीत स्पंज. खरं सांगते काका, मला वाटलं ही घाण कशाला आणली. तुम्ही म्हणालात, "मीनिगे हळे नीरु बेकु, माशाला जुनं पाणी पायजे, तू सगळं जुनं धुऊन टाकलीस बघ."

मग खुर्चीवर बसून तुम्ही जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माशाच्या घाणीतनं आणि उरलेल्या खाण्यातनं अमोनिया होतो, तो विषारी, स्पंजात आणि खड्यांवर बसलेले बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात जे मासा बऱ्यापैकी सोसतो. हे बॅक्टेरिया नव्या टाकीत बसायला महिना-दीड महिना जातो आणि माझ्या टाकीत जे थोडेफार बसले असतील ते मी नळाखाली धुऊन आणि क्लोरीननं मारून टाकले. तुमच्या काळ्या स्पंजात ते जिवंत होते. तो माझ्या फिल्टरला लावलात आणि म्हणालात दोन दिवस खायला घालू नको, रोज चौथा हिस्सा पाणी बदल, ते पण आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं. वर येऊन तोंड उघडत असलेल्या चारी माद्या तिसऱ्या दिवशी खाली फिरायला लागल्या.

पुढच्या महिन्यात एक मादी एकदम चौकोनी फुगली, शेपटीजवळचा डाग काळा झाला, मी घाबरून फोटो पाठवला तर तुम्ही हसलात, अगं पिल्लं आहेत. नर तर एक पण नाही मग पिल्लं कशी हो? तेव्हा कळलं की गप्पीची मादी नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते आणि अंडी न घालता जिवंत पिल्लंच देते. तुम्ही दिलेल्या शेवाळात सकाळी तेवीस मोजली, डोळे तेवढे दिसत होते. आयाच खातात म्हणून शेवाळ दाट ठेवलं, उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातनं गाळून टाचणीच्या टोकाएवढा घालत होते. महिन्याभरानं परत पिल्लं, नर नसताना. डिसेंबरच्या थंडीत तुमच्या सांगण्यावरनं हीटर लावला, पंचवीस-सव्वीसवर ठेवला, नाहीतर आपल्या बेळगावच्या त्या गारठ्यात काही खरं नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी पोरगं ओरडलं, "आई, निळा आला!" पहिल्या वेतातल्या एका बारक्या नराच्या शेपटीला निळी झाक, अजून नखाएवढीच पण तीच निळी. काका, मला रडूच आलं. गेलेल्या त्या नराची ही पोरं, तुम्ही त्या पावसात आला नसता तर त्या चार माद्या पण गेल्या असत्या आणि त्यांच्या पोटातलं हे सगळं पण गेलं असतं.

पैसे तुम्ही घेतले नाही, गोड म्हणून कुंदा आणला तर अर्धा पोराच्याच हातात ठेवला. जाताजाता एकच बजावलात, जास्त झाले तर कुणाला दे पण नदीत तळ्यात सोडू नको, परदेशचा मासा आहे, आपल्या माशांना त्रास. ते पण पाळतेय, गल्लीत तीन घरी दिलेत, प्रत्येक घरी आधी स्पंजाचा तुकडा आणि मग मासे.

तुम्ही म्हणाला होतात ना, वर्षानुवर्षं त्याच त्या माशांत वेत होऊन तुमचे नर बारीक व्हायला लागलेत. निळ्याची दोन पोरं आता चांगली दणकट झालीत, रविवारी घेऊन येतेय. पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवा हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुमची,
शहापूरची पोरगी