‘पापिलिओ’ या शब्दाविषयी

चि. सई हिस आईचे अनेक आशीर्वाद.

कढीपत्त्यावरच्या आणि लिंबावरच्या फुलपाखरांची तू नोंदवही ठेवू लागलीस आणि त्यांच्या शास्त्रीय नावांच्या आरंभी येणाऱ्या ‘पापिलिओ’चा अर्थ विचारलास, याचा मला मनापासून आनंद झाला. ‘फुलपाखरू’ एवढेच उत्तर अपुरे ठरेल.

रोमन लोक फुलपाखरू आणि पतंग या दोहोंना हाच शब्द वापरत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी मधमाश्यांच्या शत्रूंत पापिलिओची गणना करतो आणि तो पेटत्या दिव्यांवर झेपावतो असे सांगतो, तेव्हा त्याच्या मनात उघडच पतंग आहे. रोमन कवी ओव्हिडने ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या पंधराव्या भागात, पानांभोवती पांढरे धागे गुंडाळणारे सुरवंट रूप पालटून पापिलिओ होतात, असे म्हटले आहे आणि त्याला मृतांच्या विधींशी जोडणारे विशेषण लावले आहे. ग्रीक भाषेतही आत्मा आणि फुलपाखरू यांना एकच शब्द होता, हे लक्षात घेतले की ती ओळ किती खोल आहे ते कळते. पुढे रोमन सैनिकांच्या तंबूलाही पापिलिओ म्हणू लागले. तोच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आणि क्रिकेटच्या समालोचनातून ‘पॅव्हेलियन’ होऊन आपल्या घरात आला.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ साली सगळीच फुलपाखरे ‘पापिलिओ’ या एका प्रजातीत (इंग्रजीत ‘जीनस’) घातली आणि त्यांतील अनेकांना ट्रॉयच्या युद्धकथांतील नावे दिली. पुढे त्या प्रजातीची विभागणी होत गेली आणि आज हे नाव फक्त एका गटाकडे उरले आहे. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेली राणी पाकोळी त्याच गटातली. तिचे नाव ‘पापिलिओ पॉलिम्नेस्टर’. हा पॉलिम्नेस्टर थ्रेसचा राजा. विश्वासाने स्वाधीन केलेल्या ट्रॉयच्या राजपुत्राला त्याने ठार मारले. इतक्या देखण्या जिवाला असे नाव मिळावे, याचे मला वाईट वाटते.

रोमन लिपीत लिहिताना प्रजातीच्या नावाचे पहिले अक्षर मोठे आणि पुढच्या नावाचे लहान ठेव, आणि दोन्हींखाली रेघ ओढ. कढीपत्त्यावरच्या काळ्या फुलपाखराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ असेल, तर तो ‘पापिलिओ पॉलिटेस’चा नर असण्याचा संभव आहे. त्याची मादी पुष्कळदा दुसऱ्याच, विषारी फुलपाखरासारखी दिसते, म्हणून तिची नोंद करण्यापूर्वी पंख नीट पाहून घे.

तुझी,
आई