मुक्ताला, भाषणाच्या मसुद्याबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

भाषणाचा मसुदा वाचला. तळमळ पोचते, पण 'अमानुष' आणि 'क्रूर' हे शब्द पानोपानी आहेत आणि मापं कुठेच नाहीत. अटलांटिक गुलामव्यापाराबद्दल बोलताना मापं सांगायलाच हवीत, कारण ती कुणीतरी शांतपणे बसून, नफ्याचा हिशेब मांडून ठरवली होती.

तू निवडलेलं 'ब्रुक्स' या लिव्हरपूलच्या जहाजाचं चित्र गुलामीविरोधी मंडळींनी 1788 मध्ये छापलं. त्यात पुरुषाला दिलेली जागा 6 फूट लांब आणि 1 फूट 4 इंच रुंद. हॉलमध्ये खडूने तेवढी चौकट आख आणि तिच्यात आडवी होऊन बघ. खांदे जेमतेम मावतात, कूस बदलता येत नाही. तळाच्या दोन्ही बाजूंना मध्येच फळ्यांचे माळे ठोकून लोकांचा दुसरा थर रचलेला असे. माळ्यावर डोक्यावरची मोकळी जागा 2 फूट 7 इंच, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या उंचीएवढी. त्यात ताठ बसणंही अशक्य. आणि हे आकडे सुधारलेले आहेत, हे आवर्जून सांग. त्या वर्षीच्या नव्या कायद्याने ब्रुक्सवर 454 माणसांची मर्यादा घातली. त्याआधी त्याच जहाजाने एका फेरीत 609 नेली होती.

चित्रात आणखी एक गोष्ट नाही: शौचाची पिंपं. गुलामजहाजांवर काम केलेला डॉक्टर अलेक्झांडर फाल्कनब्रिज लिहितो की एकेका कप्प्यात अशी तीन-चार पिंपं असत. पुरुष दोघे-दोघे बेडीत, एकाचा उजवा पाय दुसऱ्याच्या डाव्याला जखडलेला. रात्री एकाला उठायचं तर दुसऱ्यालाही उठवायचं आणि अंधारात झोपलेल्यांच्या अंगावरून जायचं. पिंपापर्यंत पोचणं जमत नसे, मग लोक होते तिथेच. पाऊस आला किंवा समुद्र खवळला की हवेची भोकं बंद करत. त्या कोंडलेल्या उष्णतेत रक्ताची हगवण सुरू झाली की आवरत नसे. पाणी दर जेवणाला सुमारे अर्धा पाइंट, जेवणं दोन. दिवसाला जेमतेम अर्धा लिटर. निरोगी माणसाचंही त्या उकाड्यात तेवढ्यावर भागत नाही, हगवण लागलेला कसा जगणार? जहाज हलत राही, तशी उघडी फळी खांदे, कोपरं, कंबर सोलून काढी, थेट हाडापर्यंत.

बायका-मुलांना सहसा बेड्या नसत. त्याला कुणी सवलत म्हणू नये. खलाशांपासून त्यांना आडोसा कुठेच नव्हता. जो अन्न नाकारी, त्याचे दात स्क्रूच्या चिमट्याने फाकवून घास कोंबत. गुलामीविरोधी चळवळीतल्या थॉमस क्लार्कसनने तसा एक चिमटा लिव्हरपूलच्या दुकानातून विकत घेतला आणि पुरावा म्हणून लोकांना दाखवला. दुकानात मिळत होता, हे लक्षात घे.

'झाँग' या गुलामजहाजाचा परिच्छेद चांगला आहे, पण पाणी संपलं म्हणून माणसं समुद्रात फेकली, एवढ्यावर तू थांबलीस. ते जहाजवाल्यांचं म्हणणं होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून 442 माणसं भरून ते निघालं. जमैका चुकून मागे पडल्यावर 29 नोव्हेंबर 1781 पासून सुमारे 130 जणांना पाण्यात ढकललं. आजाराने मेलेल्याची भरपाई विम्यात मिळत नसे. बाकीचा 'माल' वाचवण्यासाठी फेकलेल्याची माणशी 30 पौंड मागता येई. मध्ये पाऊसही झाला. 22 डिसेंबरला जहाज जमैकाला लागलं, तेव्हा त्यावर 420 गॅलन पाणी शिल्लक होतं. खटला झाला तो विम्याच्या पैशांचा. खुनाचा आरोप कुणावरच ठेवला गेला नाही. हा परिच्छेद सावकाश वाच.

हिंदुस्थानचा संबंध एका वाक्यात आणलास तर चालेल: आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला युरोपीय व्यापारी जो माल देत, त्यात गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड होतं, मालदीवच्या कवड्याही होत्या.

एक दुरुस्ती मात्र नक्की कर. 'बहुतेकांना अमेरिकन संस्थानांत नेलं' हे चूक आहे. सुमारे 1 कोटी 25 लाख लोक जहाजांवर चढवले गेले आणि जवळपास 18 लाख वाटेतच मेले. उतरलेल्यांपैकी सुमारे 49 लाख एकट्या ब्राझीलमध्ये, कॅरिबियन बेटांवर तितकेच किंवा थोडे कमी; उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट आणलेले 4 लाखांहून कमी. फरकाचं मोठं कारण साखर. उसाच्या मळ्यांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत, म्हणून मालक नवी माणसं विकत घेत राहत. चरकाशेजारी कुऱ्हाड टेकवून ठेवलेली असे. थकलेल्या मजुराचा हात रुळांत ओढला गेला की पुढचं शरीर आत जाण्याआधी तो तोडायला.

ब्रिटनचा 1833 चा कायदा गुलामांच्या मुक्तीचा म्हणून लिहिला आहेस, त्यापुढे 2 कोटी पौंडांची भरपाई घाल. ती मालकांना मिळाली. सुटलेल्यांना एक पैसाही नाही.

तुझी,
आई