मीकर आले, लेशाय का नाहीत?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील सुरुवातीच्या वसाहतकारांवर सदर चालू आहे. त्यातला एझ्रा मीकर यांच्यावरचा लेख वाचला. पंचाहत्तरीतला म्हातारा पॅसिफिकच्या बाजूने बैलगाडी जुंपून निघतो आणि थेट व्हाइट हाउससमोर जाऊन उभा राहतो, ही गोष्ट कोणालाही आवडेल अशीच आहे. लेखकाने ती रंगवलीही झकास आहे. पण मीकर ९७ वर्षे जगले, त्यातल्या बैलगाडीच्या दोन वर्षांनी लेखाची तीन चतुर्थांश जागा खाल्ली. १८५६ साली तिथल्या मूळ रहिवाशांचे पुढारी लेशाय यांच्या खटल्यात ज्युरीत बसून त्यांनी जे केले, त्याला एक ओळही मिळाली नाही. आणि 'निर्मनुष्य अरण्यात गाव वसवले' हे वाक्य तर सरळसरळ चूक आहे.

मुलगी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात (पश्चिम किनाऱ्यावरच्या) टॅकोमाकडे राहत असल्यामुळे प्युऑलप गावातला मीकर यांचा वाडा मला पाहायला मिळाला. सतरा खोल्या, सहा शेकोट्या आणि मान वर करून बघत राहावे अशी रंगवलेली छते. तेव्हापासून या कुटुंबाबद्दल हाती येईल ते वाचत आलो आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मीकर जन्मले ओहायोत, १८३० साली. १८५१ मध्ये इलायझा जेन समनर यांच्याशी लग्न झाले, जोडपे आयोवात आले, आणि पुढच्याच वसंतात, मांडीवर दीड-दोन महिन्यांचे पोर असताना, ओरेगॉनच्या वाटेला लागले. सोबत थोरला भाऊ ऑलिव्हर. लेखात इलायझा जेन यांचे नाव फक्त 'पत्नीसह' या शब्दात लपले आहे. प्रवासाची शिदोरी त्यांनी बांधली होती. पिठाच्या पोत्याच्या मध्यावर लोणी पुरलेले, म्हणजे उन्हाने वितळायला नको. अंडी मक्याच्या पिठात खोचलेली. अंडी संपत जातील तसे पीठही मोकळे होत जाईल. याशिवाय वाळवलेली फळे आणि सुकवलेले मांस. असा हिशेब केल्याशिवाय तान्हे मूल घेऊन कोणी पाच महिने गाडीत बसत नाही. त्या वर्षी प्लॅट नदीच्या काठाने पटकीची साथ होती आणि वाटेवर थडग्यांची रांग लागली होती. १ ऑक्टोबर १८५२ रोजी ही मंडळी पोर्टलंडला पोचली.

दोन वर्षांनी आईवडील आणि भावंडे त्याच वाटेने निघाली. एझ्रा डोंगर ओलांडून त्यांना सामोरे गेले, तेव्हा कळले की आई फीबी प्लॅटकाठी पटकीने गेली आणि धाकटा भाऊ क्लार्क स्वीटवॉटर नदीत बुडाला. पुढे १८६० मध्ये ऑलिव्हर घरच्या दुकानाचा माल भरायला सॅन फ्रान्सिस्कोला गेले. परतताना 'नॉर्दर्नर' ही बोट फुटली आणि तेही बुडाले. एकाच घरातले तिघे असे गेले. बैलगाडीच्या रोमहर्षक वर्णनात हे यायला हवे होते.

आता 'निर्मनुष्य अरण्या'कडे येतो. १८५० च्या कायद्याने ओरेगॉन मुलखात (आजचे वॉशिंग्टन राज्य तेव्हा त्यातच होते) जाणाऱ्या गोऱ्यांना सरकार जमीन वाटत होते. मीकर पोचले त्या सुमारास नव्या जोडप्याला ३२० एकर मिळत. ती जमीन तेथल्या लोकांकडून घेण्याचा कागद व्हायच्या आधीच वाटली जात होती, हे विशेष. कागद झाला डिसेंबर १८५४ मध्ये, मेडिसिन क्रीक येथे. गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी निस्क्वाली, प्युऑलप आणि शेजारच्या जमातींकडून वीस लाखांहून जास्त एकर घेतले, ते ३२,५०० डॉलरला. बदल्यात निस्क्वालींना राखून दिलेला तुकडा होता १,२८० एकरांचा, दगडगोट्यांचा आणि नदीपासून तुटलेला. मासेमारी करणाऱ्या, नदीकाठी घोडे चारणाऱ्या लोकांना असा माळ देणे म्हणजे काय, हे धरणात गाव गेलेल्या कोणालाही विचारा.

यातून १८५५ च्या शेवटी लढाई पेटली. निस्क्वालींचे पुढारी होते लेशाय. ऑक्टोबरच्या ३१ तारखेला झालेल्या चकमकीत बेंटन मोझेस नावाचा स्वयंसेवक सैनिक मारला गेला, आणि लढाई संपल्यावर त्या मृत्यूबद्दल लेशाय यांच्यावर खुनाचा खटला भरला गेला. नोव्हेंबर १८५६ मध्ये स्टिलाकम या गावात ज्युरी बसली. बाराही जण वसाहतकार. त्यांच्यापैकी अनेकांनी त्या वर्षात घरदार सोडून किल्ल्याचा आसरा घेतलेला, शेजारी गमावलेले. न्यायाधीशांनी सांगितले होते की युद्धात लढणाऱ्याने लढणाऱ्याला मारले तर तो खून नव्हे. तरीही दहा जण फाशीच्या बाजूने झाले. उरलेले दोघे होते विल्यम किनकेड आणि पंचविशीतले एझ्रा मीकर. ते हटले नाहीत, आणि ज्युरी निकालाविना उठली.

छोट्या गावात, ज्यांच्याकडे रोजचे जाणे-येणे, ज्यांच्या गिऱ्हाइकीवर पोट, अशा लोकांसमोर एका 'शत्रू'साठी अडून बसायला काय लागते, हे खेड्यात राहिलेल्याला समजावून सांगायची गरज नाही. त्या अडण्याने लेशाय वाचले मात्र नाहीत. मार्च १८५७ मध्ये ऑलिम्पियाला दुसरा खटला झाला, या वेळी ज्युरीला युद्धाबद्दलची ती सूचना मिळाली नाही, आणि १९ फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना फाशी दिले. मीकर यांनी हा विषय सोडला नाही. १९०५ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांनी या प्रकरणावर पुस्तक काढून गव्हर्नर स्टीव्हन्स यांच्यावर ठपका ठेवला, तोही स्टीव्हन्स यांना तिकडे थोर पुरुष मानले जात असताना. डिसेंबर २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या ऐतिहासिक चौकशी न्यायालयाने एकमताने सांगितले की लेशाय यांच्यावर खुनाचा खटला चालवायलाच नको होता.

याचा अर्थ मीकर संत होते असा नव्हे. १८६२ मध्ये ते ज्या प्युऑलप खोऱ्यात स्थायिक झाले, ते त्याच करारात गेलेले खोरे. पुढे त्यांच्या हॉप्सच्या (बिअरसाठी लागणाऱ्या वेलाच्या) मळ्यांत तोडणीला येणारे मजूर मुख्यतः मूळ रहिवासीच, काही तर होड्या वल्हवत पार कॅनडाच्या किनाऱ्यावरून येत. या दोन्ही बाजू एकाच माणसात आहेत, म्हणून तर तो लिहिण्याजोगा.

हॉप्सबद्दल लेखात 'अपयश आले' एवढेच आहे. मी द्राक्षवाला, मला इथे थांबावेच लागेल. बिअरला कडवटपणा येतो तो या वेलाच्या फुलांनी. १८६५ मध्ये वडील जेकब यांनी काही मुळ्या लावल्या, आणि पंचवीस वर्षांत एझ्रा शेकडो एकरांचे बागायतदार, लंडनला माल पाठवणारे 'हॉप किंग' झाले. वाडा त्याच पैशातला. मग १८९१-९२ च्या सुमारास मावा पडला. क्वाशिया या कडू लाकडाचा काढा व्हेलच्या तेलाच्या साबणात मिसळून फवारण्या केल्या, पण बागा सावरल्या नाहीत. वर १८९३ च्या मंदीत बँका बुडाल्या. मीकर यांनी शेजारच्या शेतकऱ्यांना पिकावर एक लाख डॉलरहून जास्त उचल दिली होती. त्यांच्याच आठवणींनुसार, ती सगळी त्यांनी सोडून दिली, एकाच्याही जमिनीवर हुकूमनामा आणला नाही. आपल्याकडे उचल देणारे व्यापारी पाहिलेत ना? मग हे वाक्य पुन्हा वाचा. माझ्या यादीत ज्युरीतल्या नकारानंतर याचाच नंबर.

त्यानंतर सदुसष्टाव्या वर्षी सुकवलेल्या भाज्या विकायला क्लोंडाइकच्या सोन्याच्या मुलखात जाणे, तिथे मुलगा फ्रेड याचा १९०१ मधला मृत्यू, आणि मग १९०६ ची ती बैलगाडी, हे लेखात आहे, त्याची पुनरुक्ती करत नाही. एक दुरुस्ती तेवढी हवी: निघताना जोडी होती ट्विस्ट आणि डेव्ह या बैलांची. ट्विस्ट नेब्रास्कात मेला आणि त्याच्या जागी पुढे डँडी आला. लेखातल्याप्रमाणे 'डेव्ह आणि डँडी ही जोडी प्युऑलपहून निघाली' असे झालेले नाही. आज पेंढा भरून ठेवलेली जोडी डेव्ह-डँडीची आहे, त्यामुळे हा घोटाळा झाला असावा.

सदराच्या पुढच्या भागात जागा असेल तर निस्क्वालींच्या बाजूने लेशाय यांच्यावर एक लेख घ्यावा, ही विनंती. ज्या वाचकांची मुले-नातवंडे सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड भागात आहेत त्यांच्यासाठी माहिती: प्युऑलपचा वाडा आता संग्रहालय आहे आणि सिएटलहून गाडीने साधारण तासाभरात पोचता येते. सिएटल शहरातही तलावाकाठची एक वस्ती आणि तिथली शाळा लेशाय यांच्या नावाची आहे. जाण्याआधी वाड्याच्या वेळा मात्र विचारून घ्या, तो रोज उघडा नसतो.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार वाचक
निफाड, जि. नाशिक