गुहागरच्या बाजारफेरीला डिझेल कशाला?

महोदय,

‘जुन्या गाड्या बऱ्या, पान्हा घेतला की रस्त्यातच दुरुस्त व्हायच्या,’ हे कोकणात कुठल्याही गॅरेजसमोर ऐकू येतं. रस्त्यात दुरुस्त व्हायच्या, कारण रस्त्यातच बंद पडायच्या! प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. पावसात डिस्ट्रिब्युटरच्या (इंजिनात ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये ओल शिरली की गाडी ठप्प. कशेडी घाटात रेडिएटर उकळलेल्या गाड्या चाकांना दगड लावून उभ्या असायच्या. आज साधारण तेवढ्याच सीसीचं पेट्रोल इंजिन दुप्पट ताकद देतं आणि चोक ओढायची, पॉइंट घासायची भानगड नाही. पेट्रोलपुरता मी नव्याच्याच बाजूचा.

डिझेलचं तसं नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी बसली. ती काजळी अडवते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. त्यासाठी आतलं तापमान सहाशे अंशांच्या घरात जावं लागतं, म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगात चालायला हवी. आमच्याकडे घरून बाजारपेठ, तिथून बंदर, मग वाडी. दर वळणाला दुसरा गिअर. काजळी पेटते न पेटते तोच आम्ही इंजिन बंद करून मासळी घ्यायला उतरलेले! असं वरचेवर झालं की गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पुढे गाडी वेगच धरत नाही. बऱ्याच इंजिनांत काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. खारा वारा सेन्सरच्या पिना खातो, ते वेगळंच.

गावचा फिटर यात काय करणार? त्याच्याकडे गाडीतला बिघाड वाचणारा कंपनीचा स्कॅनर नाही. गाडी उचलून चिपळूणला न्यायची. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण मॅन्युअल आणि स्कॅनर या फिटरला परवडेल अशा दरात मिळत नाहीत, तोवर पोर्टल आमच्या काय कामाचं?

मुंबई-गोवा महामार्गावर रोजची धाव असणाऱ्याने डिझेल खुशाल घ्यावं. इतरांच्या गळ्यात ते मारण्याआधी ‘रोज कुठे, किती चालवणार?’ एवढं तरी शोरूमवाल्यांनी विचारावं. मला कुणी विचारलं तर मी पेट्रोलच सांगतो.

– एक वाचक, गुहागर