काकांचा दम आणि मोबाइलवरचा व्यायाम

नागपूर, १२ मे

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

फिजिओथेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर करून घेतात तो आठ आठवड्यांचा व्यायाम काका ‘मोबाइलवर कसला आला व्यायाम!’ म्हणून उडवून लावतात, असं तू लिहिलंस. सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे, पेशंट असं म्हणतात तेव्हा अडचण बहुधा मोबाइलची नसते, धास्ती असते दम लागण्याची. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात निदान कोणी समोर असतं, घरी श्वास अडकला तर? म्हणून आठ आठवड्यांचा होकार मागूच नकोस. फिजिओथेरपिस्ट व्हिडिओवर बघत असताना एकच मिनिट खुर्चीतून ऊठ-बस करायला सांग. लागलेला दम बसल्यावर थोड्या वेळात उतरतो, हे त्यांना स्वतःला कळू दे. त्याआधी डॉक्टरांची परवानगी मात्र हवीच. छातीत दुखत असेल किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर हे नाही.

खोटी आशाही दाखवू नकोस. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीचा, आकडा जवळपास तोच राहतो, सुधारतात ते पाय. दमाच्या भीतीने माणूस बसून राहतो, मांड्या झिजतात आणि मग संडासापर्यंत जायलाही जास्त श्वास लागतो. घरून केलेल्या व्यायामाचा फायदा दवाखान्यातल्या इतकाच दिसतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणारा २०२१ चा कॉक्रेन आढावा सांगतो.

खुर्ची बिनचाकाची, भिंतीला टेकवून ठेव. मोबाइल बाजूला, सात-आठ फुटांवर. चेहरा आणि गुडघे दोन्ही दिसले पाहिजेत. डॉक्टरांनी दिलेला श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप १०-१५ मिनिटं आधी. श्वास नाकाने दोन मोजत घ्यायचा, ओठ शिट्टीसारखे करून चार मोजत सोडायचा, उठताना सोडायचा. इथे बहुतेक जण जोरात फुंकर मारतात. जोर लावला की आधीच अरुंद झालेल्या नळ्या मिटतात आणि हवा आतच अडकते.

दम शून्य ते दहाच्या मापावर चार ते सहा चालेल. ऑक्सिमीटर ८८ च्या खाली गेला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर थांबायचं. बोट गार असेल किंवा हलत असेल तर आकडा चुकतो. चोळून, हात टेकवून पुन्हा बघ. पुढे हातांसाठी अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या पुरतात. हात वर नेताना दम जास्त लागेल, कारण खांद्याचे स्नायू तेव्हा श्वासालाही जुंपलेले असतात.

सध्या सगळं सकाळी सातच्या आत उरका. कूलरच्या ताट्यांना कुजट वास येत असेल तर आधी त्या बदल.

कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, की व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. आणि काकूंना सांग, काकांना पाण्याचा गिलास हातात नेऊन देऊ नका, त्यांना स्वतः उठू द्या. ते अवघड जाईल, ठाऊक आहे!

तुझा,
विजय