ते थडगं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टवरचा प्रवासलेख आवडला. तळी, डोंगर, तिथला न संपणारा पाऊस, सगळं झकास उतरलंय. फक्त गॉसफर्थ गावच्या फोटोखालची ओळ खटकली : ‘चर्चच्या आवारातील एक जुने थडगे’.

ते थडगं नव्हे. चर्चच्या आवारातला असा मध्ययुगीन दगडी क्रूस एकट्यादुकट्याचा नसे, अख्ख्या गावाचा असे. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) मिरवणूक त्याच्यापाशी येऊन थांबायची. आम्हा वसईकरांना हे सांगावं लागत नाही. आमच्या आळीतल्या क्रूसाखालीही कुणाला पुरलेलं नाही.

गॉसफर्थचा क्रूस तर दहाव्या शतकातला, सुमारे साडेचौदा फूट उंच, तांबूस वालुकाश्माचा. खाली गोल, वर चौकोनी होत गेलेला. लेकीकडे गेले होते तेव्हा छत्री सांभाळत मी त्याला चार फेऱ्या घातल्या. एका बाजूला क्रूसावरचा ख्रिस्त, त्याच्या पायाशी लांब वेणी घातलेली एक बाई. दुसऱ्या बाजूला मात्र नॉर्स पुराणकथांमधला, बांधून घातलेला लोकी, आणि सापाचं विष त्याच्यावर पडू नये म्हणून वाडगं धरून बसलेली त्याची बायको सिगिन! या भागात येऊन वसलेल्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) लोकांनी नवा देव स्वीकारला, पण जुन्या गोष्टी टाकवल्या नसाव्यात. मला तरी ती वाडगंवालीच जास्त आठवते.

असा माथ्यासकट उभा क्रूस तिकडे दुर्मीळ. १६४३ मध्ये पार्लमेंटनं क्रूस पाडण्याचा हुकूम काढला, आणि पुष्कळ गावांत नुसत्या पायऱ्या नि खुंट उरला. काही ठिकाणी त्या खुंटावर पुढे सूर्यघड्याळ बसवलं. ग्लॉस्टरशायरमधल्या अँप्नी क्रूसिस गावच्या क्रूसाचा माथा चर्चच्याच भिंतीत चिणलेला होता. तो एकोणिसाव्या शतकात सापडला. कुणीतरी हुकूम ऐकून तो लपवला असेल का? मला तसं वाटायला आवडतं.

गॉसफर्थच्या क्रूसाची पूर्ण आकाराची प्रतिकृती १८८७ मध्ये त्याच परगण्यातल्या अ‍ॅस्पेट्रिया गावच्या चर्चच्या आवारात उभारली गेली. तुमच्या फोटोत मागे गॉसफर्थचं सेंट मेरी चर्च दिसतं, म्हणजे हा मूळचाच. पुढच्या पुरवणीत तेवढी चित्रओळ दुरुस्त करावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, वसई